लांबशिंगी भुंगेऱ्याची नवी जाती कशी ठरते?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यातील लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानालगतच्या एका तळावर २०२१ च्या अखेरीस मुक्कामाला असलेल्या जेम्स ट्वीड या संशोधक विद्यार्थ्याचे लक्ष एका पानावरील पांढऱ्या डागाकडे गेले. ती पक्ष्याची विष्ठा असावी, असे त्याला प्रथम वाटले. निरखून पाहता तो एक भुंगेरा असल्याचे दिसून आले. लांबी दहा मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, रंग काळा व तांबडा आणि सर्वांगावर लांब पांढरे केस, असे त्याचे रूप होते. या कीटकाचे शास्त्रीय वर्णन मार्च २०२४ मध्ये ‘एक्सकास्ट्रा अल्बोपिलोसा’ या नावाने प्रसिद्ध झाले. लॅटिन भाषेवरून घेतलेल्या या नावातील पहिला शब्द ‘तळावरून मिळालेला’ हे सुचवतो, तर दुसऱ्याचा अर्थ ‘पांढऱ्या केसांचा’ असा आहे.

कीटक हाती लागणे आणि त्याला नाव मिळणे यांमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला. या शास्त्रात हा काळ मोठा मानला जात नाही. दरम्यान त्या भुंगेऱ्याची तुलना आधी ग्रंथांतील व शोधनिबंधांतील वर्णनांशी आणि मग कॅनबेरा येथील राष्ट्रीय कीटकसंग्रहातील नमुन्यांशी करण्यात आली. कशाशीच मेळ बसला नाही, तेव्हा केवळ जातीच नव्हे, तर ती ज्या प्रजातीत बसवायची ती प्रजातीही नवी असल्याचे निश्चित करण्यात आले. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांच्या हाताशी स्वतःच्या देशाचा मोठा संग्रह होता, आणि लांबशिंगी भुंगेऱ्यांवर अलीकडेच प्रसिद्ध झालेले सविस्तर ग्रंथही होते. भारतात असाच एखादा अनोळखी भुंगेरा सापडला, तर अभ्यासकापुढील अडचणी बऱ्याच निराळ्या असतात.

परिभाषेबाबत येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतून ‘नवी प्रजाती सापडली’ असे सर्रास लिहिले जाते. विश्वकोशाच्या परिभाषेनुसार मात्र परस्परांत प्रजनन करू शकणाऱ्या प्राण्यांचा गट ही ‘जाती’ होय, आणि जवळच्या जातींचा समूह ही ‘प्रजाती’. आंब्याच्या खोडात राहणाऱ्या ‘बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा’ या भुंगेऱ्याच्या नावात बॅटोसेरा ही प्रजाती आहे आणि पूर्ण नाव हे जातीचे आहे. या लेखात हे शब्द त्याच अर्थाने वापरले आहेत.

भिरूड आणि त्याचे भाऊबंद

ढालपंखी कीटकांतील सेरॅम्बिसिडी या कुलातील भुंगेऱ्यांना लांबशिंगी म्हणतात. ही शिंगे म्हणजे वस्तुतः शृंगिका, बोलीभाषेत मिशा. पुष्कळ जातींत त्या शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब असतात आणि नराच्या शृंगिका मादीपेक्षा सामान्यतः अधिक लांब असतात. जगभरात या कुलातील सुमारे ३५ हजार जातींची नोंद झालेली आहे. दक्षिण अमेरिकेतील ‘टायटॅनस’ भुंगेरा सोळा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर काही जाती तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. पकडल्यावर यांतील अनेक भुंगेरे मानेचा भाग पाठीवर घासून कुरकुर असा आवाज काढतात.

प्रौढ भुंगेरा काही आठवडे किंवा काही महिने जगतो. त्याचे खरे आयुष्य अळीच्या रूपात, लाकडाच्या आत जाते. मादी सालीच्या भेगेत अंडी घालते, अळी साल पोखरून आत शिरते आणि महिनोन्महिने, काही जातींत वर्षानुवर्षे, लाकूड खात राहते. तयार सामानासाठी कापलेल्या लाकडात अळी असेल, तर कपाट किंवा खाट घरात येऊन कित्येक वर्षे लोटल्यावर त्यातून भुंगेरा बाहेर पडल्याची उदाहरणे आहेत. बहुसंख्य जाती मेलेल्या लाकडावर जगतात आणि ते कुजवून मातीत मिसळण्याच्या कामी येतात. जिवंत झाड पोखरणाऱ्या जाती तुलनेने थोड्या आहेत. शेतकऱ्याशी गाठ पडते ती याच थोड्यांची.

कोकणातील आंबा बागायतदार अशा अळीला ‘भिरूड’ म्हणतात. बुंध्याशी किंवा फांद्यांच्या बेचक्यात पडलेला भुसा हे तिचे पहिले लक्षण. छिद्रात तार घालून अळी मारणे, औषधात बुडवलेला कापसाचा बोळा आत ठेवून तोंड मातीने लिंपणे, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या केले जातात. हा भिरूड बहुधा बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटाचा असतो. प्रौढ भुंगेरा पाच सेंटिमीटरच्या आसपास, करड्या रंगाचा आणि पिवळसर-तांबूस ठिपक्यांचा असतो. त्याचे वर्णन स्वीडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स दे गेर यांनी १७७५ मध्ये केले. पुण्यात पेशवाई होती, त्या काळापासून या कीटकाला शास्त्रीय नाव आहे.

काजूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. काजूच्या बुंध्यातून डिंकाबरोबर भुसा बाहेर येऊ लागला, पाने पिवळी पडली आणि पाहता पाहता उभे झाड वाळले, हा अनुभव सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोव्यातील बागायतदारांना नवा नाही. हे काम करणारे दोन भुंगेरे दिसायला बरेचसे सारखे, तांबूस-तपकिरी रंगाचे आहेत. त्यांपैकी ‘निओप्लोकेडेरस फेरुजिनियस’ ही जाती लिनियसने अठराव्या शतकात नोंदवली होती. दुसरी, ‘निओप्लोकेडेरस ओबेसस’, चार्ल्स जोसेफ गेहान यांनी १८९० मध्ये वेगळी ठरवली. दोघांच्याही अळ्या कोषावस्थेसाठी चुनखडीसारखे कठीण कवच तयार करतात. ओबेसस ही काटेसावरीसारख्या जंगली झाडांवरही वाढते. म्हणजे बाग स्वच्छ ठेवूनही शेजारच्या रानातून तिचा प्रादुर्भाव होऊ शकतो. बागेत मिळालेला भुंगेरा दोहोंपैकी कोणता, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नाही.

नाशिक, सांगली, सोलापूर भागातील द्राक्षबागांत खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव गेल्या काही दशकांत वाढला. त्यांपैकी एक ‘सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर’ निघाला. हा बाभळीचा जुना शत्रू. अठराव्या शतकात योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले होते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनकीटकांवरील ग्रंथासारख्या साहित्यात त्याचे जीवनचक्र आलेले आहे. दुसरा ‘स्ट्रोमॅटियम बार्बेटम’. शेकडो प्रकारच्या सुक्या लाकडांत राहणारा हा भुंगेरा वेलीच्या जुन्या खोडावर वळला. दोन्ही बाबतींत कीटक ओळखला गेला तेव्हा त्याच्याविषयी आधीच जमा झालेली माहिती एकदम हाती आली. अंडी केव्हा घातली जातात, अळी किती काळ आत असते, प्रौढ कोणत्या महिन्यात बाहेर पडतात, हे सारे नावाखाली नोंदलेले असते. नाव चुकले, तर भलत्याच कीटकाच्या वेळापत्रकानुसार औषध मारले जाते.

वनक्षेत्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण साल वृक्षाचे आहे. ‘हॉप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस’ हा भुंगेरा सालाच्या गाभ्यात बोगदे करतो. मध्य प्रदेशातील मंडला परिसरात १९२० च्या दशकात त्याच्या साथीने सालाची प्रचंड हानी झाली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी व आसपासच्या जिल्ह्यांत पुन्हा साथ आली आणि लाखो झाडांना लागण झाली. पहिल्या पावसाबरोबर हे भुंगेरे बाहेर पडतात आणि ताज्या कापलेल्या सालाच्या रसाकडे ओढले जातात, हे वनखात्याला ठाऊक होते. त्यामुळे सालाचे ओंडके ठेचून जंगलात ठेवायचे आणि रसावर जमलेले भुंगेरे मजुरांकरवी वेचून नष्ट करायचे, हा जुना उपाय त्या वेळी मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आला. वेगळ्या जातीचा भुंगेरा असता, तर या सापळ्यांचा उपयोग झालाच असता असे नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेची झाडे अचानक पोखरलेली आढळली. तो भुंगेरा ‘अॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस’ म्हणून ओळखला गेला. त्याचे वर्णन रशियन कीटकशास्त्रज्ञ मोत्शुल्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच केलेले होते आणि त्याचे मूळ स्थान पूर्व आशिया आहे. त्यावरून तो मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, हे उघड झाले. पुढे हजारो झाडे तोडावी लागली. २००२ मध्ये लाकडी वेष्टनांसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरवण्यात आले. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी फळ्यांवर आज जो गव्हाच्या लोंबीचा शिक्का दिसतो, तो त्या लाकडावर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याची खूण आहे.

कागदाची चिठ्ठी

नव्या जातीचे काम रानात सुरू होते. रात्री पांढऱ्या चादरीसमोर प्रखर दिवा लावून त्यावर येणारे कीटक गोळा करणे, फांदीखाली कापड धरून वर काठीने ठोके देणे, किंवा पोखरलेला ओंडका जाळीत ठेवून भुंगेरा बाहेर पडण्याची वाट पाहणे, या तीन पद्धती सामान्यतः वापरल्या जातात. तिसरी सर्वांत कंटाळवाणी, परंतु सर्वांत उपयुक्त. तिच्यामुळे भुंगेरा कोणत्या झाडावर वाढला हे निःसंशय कळते. मारलेल्या कीटकाच्या उजव्या पंखकवचातून टाचणी टोचून तो सुकवला जातो. फार लहान असल्यास पुठ्ठ्याच्या टोकाला चिकटवला जातो.

त्याच टाचणीला एक कागदाची चिठ्ठी लावतात. नमुन्याचे शास्त्रीय मोल या चिठ्ठीवर अवलंबून असते. गाव, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, संग्राहकाचे नाव आणि माहीत असल्यास झाडाचे नाव तिच्यावर हवे. नुसते गावाचे नाव का पुरत नाही, हे एका उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, चिठ्ठीवर फक्त ‘रामघाट’ लिहिले आहे. पंचगंगा घाट, दुर्गाघाट या मराठी वस्तीच्या जुन्या भागाजवळचा वाराणसीचा रामघाट गंगेच्या काठी आहे. चित्रकूटचा रामघाट मंदाकिनीवर, उज्जैनचा क्षिप्रेवर. आणि बेळगावहून सावंतवाडीकडे उतरणारा सह्याद्रीतील रामघाट ही तर नदीकाठची पायरी नसून घनदाट जंगलातली डोंगरवाट आहे. गंगेच्या मैदानातील आमराईत मिळालेला भुंगेरा आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानात मिळालेला भुंगेरा यांच्या जाती वेगळ्या असण्याची शक्यता दाट असते. पन्नास वर्षांनी ती चिठ्ठी वाचणाऱ्या माणसाला यांतला कोणता रामघाट, हे विचारायला कोणी उरलेले नसते.

हा धोका काल्पनिक नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात गेलेल्या असंख्य भारतीय नमुन्यांवर ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ किंवा नुसते ‘इंडिया’ एवढेच लिहिलेले आढळते. बॉम्बे म्हणजे शहर, इलाखा की केवळ जहाज सुटले ते बंदर, हे अशा चिठ्ठीवरून कळत नाही.

नवे म्हणजे कशापेक्षा नवे?

‘ही जाती नवी आहे’ हे विधान प्रत्यक्षात ‘आजवर नोंदलेल्या कोणत्याही जातीशी हिचा मेळ बसत नाही’ असे विधान असते. त्यामुळे संशोधकाचा बहुतेक वेळ नव्या कीटकापेक्षा जुन्या कीटकांवर खर्च होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम शृंगिकेचे खंड मोजले जातात. बहुधा ते अकरा असतात. त्यांच्या लांबीचे परस्परांशी प्रमाण काढले जाते. डोळा शृंगिकेच्या मुळाभोवती किती वळलेला आहे, मानेच्या ढालीवर बाजूला काटा आहे की नाही, पंखकवचावरील सूक्ष्म खळगे दाट आहेत की विरळ, लव कोणत्या आकृतीत बसली आहे, पायाच्या टोकाचा चिमुकला चौथा खंड कसा लपला आहे, हे एकेक करून नोंदवले जाते. रंगावर फारसा भरवसा ठेवला जात नाही. लव झडते, रंग उडतो, आणि एकाच झाडातून निघालेले दोन भाऊ आकाराने दुप्पट-निमपट असू शकतात, कारण ज्या अळीला खाणे कमी पडले तिचा भुंगेरा लहानच राहतो.

नर व मादी यांतील फरक ही तर जुनीच अडचण आहे. एकाच जातीच्या नराला एका नावाने आणि मादीला दुसऱ्या नावाने प्रसिद्ध केल्याची उदाहरणे या कुलाच्या इतिहासात आहेत. म्हणून शक्य असेल तेथे नराचे जननेंद्रिय पाहिले जाते. सुकलेला कीटक कोमट पाण्यात मऊ करून पोटाचा भाग अलगद सोडवतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात त्यातील मांसल भाग विरघळवतात, आणि उरलेल्या कठीण सांगाड्याचे चित्र काढतात. जवळच्या जाती बाहेरून जुळ्या दिसल्या, तरी हा भाग अनेकदा वेगळा असतो. डीएनएतील एका ठरावीक तुकड्याची तुलनाही आता केली जाते. परंतु ती पुरावा म्हणून पूरक समजली जाते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सुक्या नमुन्यातून डीएनए मिळेलच याची खात्री नसते.

इतके झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. तुलना कशाशी करायची?

१९०६ चा ग्रंथ आणि न निघालेला खंड

भारतातील लांबशिंगी भुंगेऱ्यांवरील पायाभूत ग्रंथ आजही ‘द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील १९०६ चा खंड आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील चार्ल्स जोसेफ गेहान यांनी तो लिहिला. जाती ओळखण्याची कोष्टके, प्रत्येक जातीचे वर्णन, आढळस्थाने आणि निवडक चित्रे असे त्याचे स्वरूप आहे. सव्वाशे वर्षांकडे झुकलेल्या या ग्रंथाच्या अंकीय प्रती आता महाजालावर मोफत वाचता येतात, आणि भारतातील अभ्यासक अजूनही त्यातील कोष्टकांपासूनच आरंभ करतात. ग्रंथ उत्तम आहे. त्यातील मर्यादा वेगळीच आहे.

या कुलातील लॅमिनी हे उपकुल सर्वांत मोठे. आंब्याचा बॅटोसेरा, बाभळीचा सेलोस्टर्ना आणि ऑस्ट्रेलियातील तो केसाळ भुंगेरा हे सारे त्यातलेच. गेहान यांनी लॅमिनींना स्वतंत्र कुल मानून ते पुढील खंडासाठी राखून ठेवले. तो खंड कधीच निघाला नाही. परिणामी सर्वाधिक जाती असलेल्या या गटासाठी संपूर्ण भारताचा असा एकत्रित ओळखग्रंथ उपलब्ध झाला नाही.

विसाव्या शतकात या गटावर काम झाले नाही असे नाही. उलट ते फार झाले. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले स्टेफान फॉन ब्रॉयनिंग यांनी एकट्याने लॅमिनींमध्ये सात हजारांहून अधिक नवी नावे दिली. त्यांतली बरीच वर्णने अगदी त्रोटक, काही ओळींची आणि चित्राविना आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, पुढच्या पिढीला त्यांनी जितकी उत्तरे दिली तितकीच कोडीही घालून ठेवली. चार ओळींच्या वर्णनावरून आपल्या हातातील भुंगेरा तोच की दुसरा, हे ठरवता येत नाही. त्यासाठी मूळ नमुना पाहावा लागतो.

मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, हा या शास्त्राचा कणा आहे. नवे नाव देताना एकच विशिष्ट कीटक त्या नावाचा आधार म्हणून जाहीर केला जातो. पुढे कितीही वाद झाले, तरी नाव त्या एका टाचणीवरील कीटकाला चिकटलेले राहते. भारतीय भुंगेऱ्यांचे असे जुने नमुने मुख्यतः लंडन व पॅरिस येथील संग्रहालयांत आहेत. फॅब्रिशियसच्या संग्रहाचा मोठा भाग कोपनहेगनला आहे. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या संशोधकाला आपल्याच डोंगरातील भुंगेरा ओळखण्यासाठी तिकडे जावे लागते, किंवा तेथून छायाचित्रे मागवावी लागतात. अलीकडे संग्रहालयांनी मूळ नमुन्यांची छायाचित्रे खुली करण्यास आरंभ केल्याने हा मार्ग थोडा सुकर झाला आहे. तथापि छायाचित्रात पोटाखालची बाजू किंवा जननेंद्रिय क्वचितच दिसते.

नावाचे नियम

प्राण्यांची शास्त्रीय नावे आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार दिली जातात. सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून अमलात आहे. लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ ची आवृत्ती हा नामकरणाचा आरंभबिंदू. एकाच जातीला दोघांनी नावे दिली असल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरले जाते आणि नंतरचे समानार्थी म्हणून बाजूला पडते. नावाला रोमन लिपी व लॅटिन व्याकरण लागू असले, तरी ते गाव, माणूस, रंग, लोककथा अशा कशावरूनही घेता येते. स्वतःचे नाव देण्यास नियमाने बंदी नाही, पण ते असभ्य मानले जाते. वृत्तपत्रात बातमी आली म्हणजे जाती जाहीर झाली, असे होत नाही. वर्णन, तुलना आणि मूळ नमुना कोठे ठेवला याची माहिती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावरच नाव अस्तित्वात येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर महाजालावरील प्रकाशनही ग्राह्य आहे, मात्र त्यासाठी ‘झूबँक’ या नोंदवहीत नोंद आवश्यक असते.

कायदा आणि संग्राहक

भारतापुरता आणखी एक नियम आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार देशात सापडलेल्या नव्या जातीची माहिती शासनमान्य संग्रहस्थानाला कळवणे आणि तिचे नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण हे प्राण्यांसाठीचे असे एक प्रमुख संग्रहस्थान. त्याचे मुख्यालय कोलकाता येथे असून पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात कीटक पकडायचा, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनखात्याची पूर्वपरवानगी लागते. परदेशी संशोधकांसाठी अटी आणखी कडक आहेत.

या कायद्याची जगभर चर्चा झाली ती २००८ मध्ये. त्या वर्षी जून महिन्यात दार्जिलिंग जिल्ह्यात सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कीटक गोळा केल्याच्या आरोपावरून चेक प्रजासत्ताकाच्या दोन नागरिकांना अटक करण्यात आली. त्यांपैकी एक भुंगेऱ्यांच्या अळ्यांचा, विशेषतः लांबशिंगी कुलातील अळ्यांचा, जगन्मान्य अभ्यासक होता. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने दोघांनाही दोषी ठरवले. अभ्यासकाला वीस हजार रुपये दंड झाला, तर त्याच्या सहकाऱ्याला तीन वर्षांची कैद व साठ हजार रुपये दंड. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी याचा निषेध केला. दुर्मीळ कीटकांचा परदेशात व्यापार चालतो, आणि परवानगीशिवाय संग्रह करणारा संशोधक असला तरी कायदा मोडतोच, ही भारतीय अधिकाऱ्यांची बाजू होती. तिच्यात तथ्य आहे. भारतातून शतकभर नमुने बाहेर जात राहिले आणि ते पाहण्यासाठी भारतीयांना परदेशी जावे लागते, ही वस्तुस्थिती या कायद्यामागे आहे. दुसऱ्या बाजूने, अळीवरून जात ओळखू शकणारी माणसे जगात मोजकीच आहेत. बागायतदाराला खोडात मिळते ती अळीच, भुंगेरा नव्हे. परवानगीची प्रक्रिया जितकी लांबेल, तितके हे ज्ञान येथे रुजण्यास उशीर लागेल, हेही तितकेच खरे.

यादी आणि नोंदी

बंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राशी निगडित संशोधकांनी परदेशी सहकाऱ्याच्या साहाय्याने २०१७ मध्ये भारतातील लांबशिंगी भुंगेऱ्यांची अद्ययावत यादी प्रसिद्ध केली. तीत १,५३६ जातींची नोंद आहे. विखुरलेल्या शोधनिबंधांतील नावे प्रथमच एका जागी आली, हे तिचे महत्त्व. यादीवरून कीटक ओळखता येत नाही, पण कोणकोणत्या जातींशी तुलना करावी लागेल हे समजते. गेहान यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ हे काम झालेले नव्हते.

पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातील प्राध्यापक हेमंत घाटे यांनी भुंगेऱ्यांच्या अनेक कुलांवर दीर्घकाळ काम केले. त्यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली एक नोंद या संदर्भात बोलकी आहे. ‘कॅप्नोलिम्मा सिंगालेन्सिस’ हा लांबशिंगी भुंगेरा त्यांनी भारतातून प्रथमच नोंदवला. नावावरूनच लक्षात येते की, ही जाती सिंहलद्वीपाची, म्हणजे श्रीलंकेची म्हणून ओळखली जात होती. जुने वर्णन न तपासता असा भुंगेरा कोणी ‘नवी जाती’ म्हणून जाहीर केला असता, तर एकाच कीटकाची दोन नावे झाली असती आणि ती चूक निस्तरण्याचे काम पुढच्या कोणाच्या तरी माथी आले असते. अशा नोंदीला ‘नव्या जाती’ची प्रसिद्धी मिळत नाही. श्रम मात्र तितकेच पडतात.

खोडातील अळीची ओळख पटवण्यासाठी आता डीएनएचा आधार घेतला जाऊ लागला आहे. अळीच्या शरीराचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, तर काही दिवसांत तिचा डीएनए नोंदपेटीतील इतर नोंदींशी ताडून पाहता येतो आणि भुंगेरा बाहेर पडेपर्यंत वर्षभर थांबावे लागत नाही. मात्र ज्या जातीशी तो जुळायला हवा, तिच्या प्रौढ भुंगेऱ्याचे नाव आधी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पक्के केलेले असावे लागते, त्याचा डीएनए नोंदलेला असावा लागतो आणि तो नमुना चिठ्ठीसह कोठेतरी जपून ठेवलेला असावा लागतो.